दुकानातली शांतता

हैदराबाद,
१८ ऑगस्ट २०२५

आत्या,

बसल्या जागेवरून नमस्कार. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या 'अहों'नी, मामाजींनीच उचलला आणि एकच सांगितलं, "तुयी आत्या कामात हाय. चिठ्ठी टाक, तिले चिठ्ठी आवडते." हातात फोन असून चिठ्ठी टाकणारी या वसतिगृहात मी एकटीच असेन. पोस्ट ऑफिस कुठे आहे विचारलं तर पोरी हसल्या. शेवटचं मराठी पत्र मी सातवीच्या पेपरात लिहिलं होतं, मुख्याध्यापकांना, रजेसाठी. तेव्हा चुका काढ, पण मामाजींना वाचून दाखवून हसू नकोस.

उन्हाळ्यात तुझ्या दुकानात आम्ही जो धुडगूस घातला, त्या सिनेमाचं नाव ठरलं: 'कोण आलं?' गोष्ट तुझीच आहे, हे तेव्हा नीट सांगितलं नव्हतं. लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा तू मागे चुलीपाशी भाकरी थापत असायचीस. दुकानाच्या पायरीवर चप्पल वाजली की तिथूनच म्हणायचीस, "चंपतराव आला, त्याले बिडीचं बंडल दे." तो तोंड उघडायच्या आधी! मला ती जादू वाटायची. तर अशी एक दुकानदारीण, जिला सगळं गाव कानाने दिसतं. पंधरा मिनिटांचा सिनेमा.

पण आधी ट्रेलर, दीड मिनिटाचा. दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचा. सगळ्यांचे ट्रेलर कॉलेजात आमच्या सिनेमा विभागाच्या हॉलमध्ये लागतील आणि त्यातले तीन निवडतील. त्या तिघांनाच पुढे मोठ्या स्टुडिओत सिनेमाचा आवाज करायला मिळणार, बाकीच्यांनी आपापल्या लॅपटॉपवर बसायचं. माझा सिनेमाच कानांचा आहे गं. लॅपटॉपवर तो मरून जाईल. म्हणून हा ट्रेलर निवडला जायलाच हवा.

अडचण अशी की उन्हाळ्यातला आमचा सगळा आवाज कूलरने खाल्ला. मी तुझ्याकडे छोटा रेकॉर्डर ठेवून आले आहे. मला दुकानातले आवाज हवेत: शटर उचलल्याचा, तराजूचा, ज्वारी मापातून ओतल्याचा, पायरीवरच्या चपलांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, तिथे आवाज पार चेपून जातो. रेकॉर्डरमधलं कार्ड काढून पुठ्ठ्यावर चिकटव आणि पाकिटात घाल. दुसरं कार्ड सोबत पाठवते आहे.

प्रज्वल म्हणून माझा जोडीदार आहे (कामातला, लगेच काही समजू नकोस), तो चित्रं जोडतो. त्याला प्रत्येक चित्रामागे ढाण्ण करून ढोल हवा आहे. मी म्हटलं, माझ्या आत्याच्या दुकानात असला ढोल वाजला तर गिऱ्हाईक पळून जाईल.

तुझी,
प्रणिता


गुडीहत्नूर,
२९ ऑगस्ट

प्रणिता बाई,

आशीर्वाद घे. पत्र मिळालं. पाच चुका निघाल्या, सगळ्या वेलांटीच्या. मामाजींना वाचून दाखवलं आणि आम्ही हसलो, त्याला इलाज नाही. बासरला सरस्वतीपुढे तुला मांडीवर घेऊन पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवायला लावलं होतं, ते मराठीच होतं. बाकीच्या भाषा तू मागून शिकलीस. म्हणून माझ्याशी पत्रानेच बोल. फोनवर नुसतं हॅलो हॅलो होतं आणि गिऱ्हाईक खोळंबतं.

माझ्या कानांवर सिनेमा! लोकांना दुसरे विषय मिळत नाहीत का? पण खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं. दोन वेळा वाचलं.

कार्ड पाठवते आहे. पण काय कशाचा आवाज ते लिहिणार नाही. तू ओळखायचं, खिरापतीसारखं. विसरली नाहीस ना? महिनाभर रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा कानाशी हलवते आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. फुटाणे निराळे वाजतात, शंकरपाळे निराळे, मुरमुऱ्याचा चिवडा तर नुसता कुजबुजतो. माझ्यापुढे कोणाचा डबा टिकत नसे. शेजारची बयनाबाई एकदा रडवेली होऊन म्हणाली होती, "हिले घरी बसवा, मंग खेळ होते." मागच्या वर्षी माझे दोन-तीन डबे चुकले, ते पोरींना डबा हलवायचं वळण राहिलेलं नाही म्हणून.

मामाजींचं म्हणणं, ट्रेलरला सनई पाहिजे. मी म्हटलं, लग्न नाही लागून राह्यलं तिथे.

तुझी आत्या,
रुख्मिणी


हैदराबाद,
६ सप्टेंबर

आत्या,

हेडफोन लावून, दार लावून, डोळे मिटून ऐकलं. पहिला आवाज ज्वारी. दुसरा साखरेच्या पुडीला दोरा गुंडाळल्याचा. तिसरा तराजूचं पारडं. चौथा खोबरं किसल्याचा. बरोबर असेल तर पुढच्या पत्रात मला शाबासकी हवी, ठळक अक्षरात.

आता रागावू नकोस, तीन तक्रारी आहेत. एक, तू रेकॉर्डर फार जवळ धरतेस. ज्वारी ओततेस तेव्हा वाटतं, डोंगरावरून दगड सुटलेत. हातभर लांब ठेव. दुसरी, तुझा तो थंड पेयांचा फ्रिज! प्रत्येक आवाजामागे बारीक, टोकदार किंचाळतो आहे. त्याच्या शेजारी तुम्ही दिवसभर बसता कसे? रेकॉर्ड करताना तेवढा बंद कर. तिसरी तक्रार मामाजींची. मधूनमधून ते काउंटरवर बोटं वाजवतात, टक टक. छान वाजवतात, पण ते माझ्या ज्वारीत येतं.

संगीताचं सांगते. आमच्या मॅडम म्हणतात, ट्रेलरमध्ये आवाज पुढे चालतो आणि चित्र त्याच्या मागून येतं. म्हणून मी ठरवलं आहे की सुरुवातीला पडदा काळा राहील, फक्त चपला वाजतील. मग दुकानदारणीचं काम करणाऱ्या बाईंचा चेहरा, मग तराजू, पुड्या, नाणी, आणि हेच आवाज हळूहळू ठेक्यात येतील. ढोल नाही, तबला नाही. भुलाबाईच्या टाळ्या आणि टिपऱ्या, बस. त्या वाढत वाढत जातील आणि एकदम थांबतील. शांतता. मग सिनेमाचं नाव.

त्या थांबण्यासाठी मला दुकानातली शांतता हवी आहे. हसू नकोस, प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. आवाज नुसता बंद केला तर बघणाऱ्याला वाटतं स्पीकर गेला. दुपारी गिऱ्हाईक नसताना रेकॉर्डर काउंटरवर ठेव, बटण दाब आणि दोनेक मिनिटं कोणी बोलू नका. मामाजीही नाहीत, त्यांची बोटंही नाहीत.

प्रणिता


गुडीहत्नूर,
१५ सप्टेंबर

प्रणिता,

शाबास. पण चौथा आवाज खोबऱ्याचा नव्हता, मामाजी दाढी खाजवत होते.

फ्रिजबद्दल असं काही लिहू नकोस, त्याला वाईट वाटेल. आमचा फ्रिज गरीब गाय आहे. कधी चकार शब्द काढत नाही. तुझ्या हेडफोनातच काहीतरी बिघडलं असेल, दुकानात नेऊन दाखव. आणि मामाजींच्या बोटांचं म्हणशील तर ती त्यांची सवय आहे, आता या वयात काय बांधून ठेवू?

तू मागितलेली शांतता काढली. मंगळवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. मामाजी गल्ल्यावर गप्प, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी रेकॉर्डरशेजारी तांदूळ निवडत बसले होते, तेही सावकाश. नंतर बयनाबाई आली तेव्हा लगेच बटण बंद केलं. मागाहून कानाला लावून ऐकूनही पाहिलं. काही म्हणजे काही नाही. अशी शांतता तुला हैदराबादेत मिळणार नाही, जपून वापर.

टाळ्या-टिपऱ्याही पाठवल्या आहेत, भुलाबाई बसल्या त्या पहिल्याच आठवड्यातल्या. पोरी जोरात आहेत, गाणी अर्धी विसरल्या तरी टाळी सोडत नाहीत. पण खिरापतीची मात्र काय दशा झाली आहे, सांगू नये. पहिल्या दिवशी शिरा. दुसऱ्या दिवशी केळी. मग दहीभात, मग पुन्हा शिरा. कोणी काही तळत नाही, भाजत नाही. डब्यात काय वाजणार? कोणालाच ओळखता येत नाही, नुसत्या अंदाजाने ओरडतात. बायका आळशी झाल्या, दुसरं काय.

आत्या


हैदराबाद,
२२ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथं पाठवते आहे.

तुझी शांतता ऐकली. तुला सांगते त्यात काय आहे. आधी बराच वेळ फ्रिज. तो खरंच किंचाळतो, मी दुसऱ्या मुलीच्या हेडफोनवरही ऐकलं. त्याखाली तांदूळ निवडल्याची खसखस आणि तुझा श्वास, तू इतकी जवळ आहेस. मग पायरीवर चप्पल. मग बयनाबाई, "रुख्मिणीबाई!" तुझा श्वास तसाच, संथ. "रुख्मिणीबाई व!" तांदूळ चालूच. तिसऱ्यांदा त्या इतक्या जोरात ओरडल्या की माझ्या मशीनवरचा आवाजाचा काटा लाल पट्ट्यात गेला. तू हललीही नाहीस. मग मामाजींनी काउंटरवर बोटं वाजवली, टक टक, आणि त्याच क्षणी तू म्हणालीस, "आली, आली! केव्हाची उभी हायेस व?" आणि बयनाबाई म्हणाल्या, "आत्ताच तं आली."

मग मी आधीची सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकली. जिथे जिथे टक टक आहे, तिथे त्याच्या आधी कोणीतरी तुला हाक मारलेली आहे.

आत्या, तुला ऐकू येत नाही का? म्हणून रेकॉर्डर कानाशी धरल्यासारखा जवळ असतो का, म्हणून फोन मामाजी उचलतात का? मला आधी स्वतःचाच राग आला, की मी तुला फ्रिजवरून बोलत बसले. मग रडू आलं. मग तुझ्यावरही राग आला, की तू मला सांगितलं नाहीस.

आता विचारायची गोष्ट. मी हेडफोन काढून बसले होते, तेव्हा लक्षात आलं की माझा ट्रेलर मला सापडला आहे. काळा पडदा, तुझी शांतता, तीन हाका, टक टक, आणि तुझं "आली, आली". सगळं गाव कानाने बघणाऱ्या बाईला ऐकू येईनासं होतं आणि ती तरीही दुकान चालवते, ही गोष्ट माझ्या पहिल्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. पण ती तुझी आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही.

प्रणिता


गुडीहत्नूर,
२८ सप्टेंबर

प्रणिता,

नाही.

कार्ड परत पाठव. ती शांतता ट्रेलरमध्ये येता कामा नये आणि तुझ्या मैत्रिणींनाही ऐकवायची नाही.

माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, तुला आठवत नसतील. त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हा लोक त्यांच्याशी वाईट वागले नाहीत. फक्त त्यांना काही सांगायचं बंद केलं. घरात लग्न ठरलं, तेही त्यांना मांडव पडल्यावर कळलं. "त्यायले काय सांगता, त्यायले ऐकू येत नाही," असं त्यांच्यासमोर बसून म्हणायचे. बाई दहा वर्षं घरातच होती आणि घरात नव्हती.

मला तसं व्हायचं नाही. हे दुकान म्हणजे नुसतं मीठ-मिरची नाही. कोणाची सून रुसली, कोणाच्या कापसाला काय लागलं, सगळं आधी माझ्या काउंटरवर येतं. ते यायचं थांबलं तर मी तिथे बसून काय करू?

मामाजींना मी काही सांगितलेलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक दिवस त्यांनी काउंटर वाजवला, लाकडातून माझ्या हाताला कळलं, मी वर बघितलं तर गिऱ्हाईक उभं. तेव्हापासून वाजवतात. यावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही. तूही बोलू नकोस.

आत्या


हैदराबाद,
३ ऑक्टोबर

आत्या,

कार्ड सोबत आहे. माझ्या लॅपटॉपवरची नक्कलही पुसली. प्रज्वलने विचारलं काय झालं, मी म्हटलं रेकॉर्डिंग खराब निघालं.

ट्रेलर तयार होतो आहे. शेवटी प्रज्वलचा ढोल घेतला. टाळ्या, टिपऱ्या, ढाण्ण, नाव. वाईट नाही. बाकीच्यांच्या ट्रेलरसारखाच दिसतो, हीच त्याची अडचण आहे. मॅडमनी बघितला आणि "ठीक आहे" म्हणाल्या. त्या ठीक आहे म्हणतात तेव्हा दुसरीकडे बघत असतात. सतरा तारखेपर्यंत द्यायचा आहे, तसाच देईन. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू विचारलं असतंस म्हणून सांगितलं.

मी चुकले असेन तर हे चुकले, की तुझ्या कानांपेक्षा मला आधी ट्रेलर सुचला. त्याबद्दल माफ कर. पण एक सांगू? तू लिहिलंस की तुला कोणी काही सांगणार नाही. मी तर तुला सगळंच सांगते आहे, मॅडमच्या नजरेपासून प्रज्वलच्या ढोलापर्यंत, आणि आता मला माहीत आहे तरी सांगते आहे.

कोजागिरीला यायला जमणार नाही. माझ्या वाटणीचं दूध मामाजींना दे.

प्रणिता


गुडीहत्नूर,
८ ऑक्टोबर

प्रणिता पोरी,

कार्ड पुन्हा तुझ्याकडे येत आहे. का ते वाच. मोठं पत्र आहे, चहा घेऊन बस.

कोजागिरीला भुलाबाईचा शेवटचा दिवस, म्हणून सगळ्या जणी आपापला डबा घेऊन आमच्याच अंगणात आल्या. गाणी झाली. टाळ्या मला अजून लागतात, जमिनीतून पायाला. मग खिरापती. पहिला डबा बयनाबाईचा. तिने तो हलवला. हात हलताना दिसला, बांगड्या हलताना दिसल्या, माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण दरवर्षी आधी मीच ओरडते. मागच्या वर्षी ओरडले होते तसं काहीतरी ओरडणार होते, "फुटाणे!" म्हणून. ओठावर आलं होतं.

आणि तुझं पत्र आठवलं. मला माहीत आहे तरी सांगते आहे, असं लिहिलं होतंस ना? मला एकदम फार दमल्यासारखं झालं. दोन वर्षं मी ऐकू येण्याचं नाटक करते आहे आणि त्यात ऐकण्यापेक्षा जास्त मेहनत आहे. मी सरळ म्हटलं, "बयनाबाई, मले ऐकू येत नाही. डबा वाजला का नाही, तेबी समजलं नाही."

सगळ्या गप्प. निदान मला तसं दिसलं. मग बयनाबाई माझ्यासमोर येऊन बसली, तोंडासमोर तोंड, आणि गावाच्या वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "माईत हाय व माय! दोन वर्सं झाले माईत हाय!"

मी म्हटलं, "कोनाले?"

"कोनाले म्हंजे? समद्यायले! आमी का मंग येवढे वरडून राह्यलो तुया दुकानात? तुले काय वाटलं, आमी भांडाले येतो?"

पोरी हसायला लागल्या. मग तिने डब्याचं झाकण काढलं. आत शिरा. दुसरीने काढलं, दहीभात. तिसरीचे पेढे. सगळे डबे उघडले, प्रणिता, एकाही डब्यात वाजणारी वस्तू नव्हती. मी म्हटलं, "काऊन व, एकीलेबी काई तळता येत नाही का?" तर बयनाबाई म्हणाली, "मागच्या साली तुये डबे चुकले, तुयं तोंड उतरलं. मंग भुलाबाई बसाच्या आधीच आमी ठरवलं, औंदा वाजनारं काई आनाचंच नाही. कोनालेच ओळखू नाही आलं पायजे."

महिनाभर! आणि मी तुला लिहिलं की बायका आळशी झाल्या.

मी तिथेच रडले. त्याही रडल्या, आणि रडता रडता एकेकीने मला काय काय सांगितलं म्हणून सांगू. कोणाच्या सुनेला दिवस गेले आहेत, इंद्रवेल्लीच्या बाजारात कोण कोणाशी भांडलं, सगळं ओरडून ओरडून. आता त्यातलं गुपित काही राहिलं नाही, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही कळलं असेल. कोणी मला सांगायचं थांबवलंच नव्हतं गं. मीच ऐकू येत नसलेलं ऐकल्यासारखं करून मान हलवायचे आणि अर्धं माझ्याच हाताने वाया जायचं.

घरी आल्यावर मामाजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." आणि सवयीने खाटेच्या लाकडी माचव्यावर टक टक वाजवलं.

तर आता वापर ती शांतता. पण माझी अट आहे. प्रज्वलचा ढोल काढ आणि मामाजींची बोटं ठेव. बयनाबाईची तिसरी हाक कापू नकोस, तिला मी सांगितलं आहे, ती पदर सावरून बसली आहे.

तुझी आत्या


हैदराबाद,
१ नोव्हेंबर

आत्या,

आधी निकाल. निवडला!

आता सावकाश सांगते. तुझं पत्र मिळालं आणि आम्ही दोघं चार दिवस लॅपटॉपसमोरून उठलो नाही. ढोल काढताना प्रज्वलचा चेहरा बघण्यासारखा होता. पण टक टक ऐकल्यावर त्यानेच ती उचलली, आधी एकदा, मग दोनदा, मग त्या ठेक्यावर ज्वारी, तराजू, पुडीचा दोरा, आणि मागून पोरींच्या टाळ्या. मामाजींना सांग, संगीतकार म्हणून त्यांचं नाव दिलं आहे, सुधाकरराव, काउंटर. फ्रिज मी काढला नाही. फक्त थोडा खाली बसवला.

हॉलमध्ये आमचा नंबर सातवा होता. आधीच्या सहांत इतके स्फोट झाले की लोकांचे कान बधिर. मग आमचा काळा पडदा. फ्रिज. तांदूळ. श्वास. एका मुलाला वाटलं ट्रेलर लागलाच नाही, तो ऑपरेटरकडे बघायला लागला. तेवढ्यात मागच्या स्पीकरमधून बयनाबाई, "रुख्मिणीबाई!" दुसऱ्या हाकेला शेवटच्या रांगेतल्या दोघी जणी दाराकडे वळून बघू लागल्या, खरंच कोणी आलं का म्हणून. तिसऱ्या हाकेला पुढच्या रांगाही वळल्या. टक टक. "आली, आली!" आणि पडद्यावर नाव, 'कोण आलं?' मॅडम या वेळी पडद्याकडेच बघत होत्या. दिवे लागल्यावरही बघत होत्या.

मी खूप खूश आहे. आणि एक सांगायचं राहिलं होतं, त्या हॉलमध्ये बसून कळलं. मी तुझ्या कानांवर सिनेमा करत नव्हते. मला तुझ्या दुकानात परत जायचं होतं.

आता कानाच्या डॉक्टरकडे जा. आदिलाबादला. मामाजींना घेऊन. जानेवारीत स्टुडिओ मिळेल आणि त्यानंतर सिनेमा दाखवायला मी तुम्हाला इथे आणणार आहे, बयनाबाईंसकट. तू पहिल्या रांगेत हवीस आणि तुला ऐकू यायला हवं.

प्रणिता


गुडीहत्नूर,
१६ नोव्हेंबर

प्रणिता,

लेकरा, शाबास. हे ठळक लिहिलं आहे, बघ. बयनाबाईने तुझा निकाल घरोघरी जाऊन सांगितला आणि प्रत्येक घरी ती हाक मारून दाखवली.

कानाचं यंत्र बसलं. एवढंसं आहे, शेंगदाण्याएवढं. डॉक्टरीण बाई भली होती, म्हणाली सगळं पहिल्यासारखं नाही होणार, पण बारीक आवाज येऊ लागतील, आधी त्रास होईल. दवाखान्यातून बाहेर पडले आणि बाई गं, केवढं जग आहे! माझ्या स्वतःच्या बांगड्या. पिशवीचा चुरचुराट. बसमध्ये पुढच्या बाईने लवंग चावली, ती मला ऐकू आली. मामाजी शेजारी बसून माझ्याकडे बघून हसत होते.

घरी आले, शटर उचललं, आत पाय ठेवला आणि दचकून मागे सरले. मी म्हटलं, "अवो, कोन वरडून राह्यलं आत?" मामाजींनी बोट दाखवलं. फ्रिज! मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय किंचाळतो मेला! दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसून त्याला गरीब गाय म्हणत होते. तुझ्या हेडफोनची माफी मागते. दुरुस्तीवाल्याला बोलावणार आहे, पण तुझा सिनेमा पुरा होईपर्यंत थांबते, तुला अजून लागला तर.

मामाजींना सांगितलं, आता काउंटर वाजवायची गरज नाही. ते बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे भाकरी थापत होते. पायरीवर चप्पल वाजली, एक पाय घासत येणारी. मला कळलं कोण आहे ते. कळलं म्हणून इतका आनंद झाला की भाकरी तशीच परातीत राहिली. हाक मारणार, तेवढ्यात समोरून टक टक. माणूस विसरला, का मुद्दाम वाजवलं, माहीत नाही. या वेळी ते मला हाताने नाही, कानाने ऐकू आलं, पहिल्यांदा. किती हलक्या हाताने वाजवतो गं माझा नवरा!

ती हाक मी पोटातच ठेवली. "आली, आली" म्हणत उठले आणि चंपतरावला बिडीचं बंडल दिलं.

आत्या